तावड्यांच्या गाडीचा कौल

आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये रोज सकाळी सात वाजता "पीं" असा आवाज होतो आणि पाठोपाठ तावडे म्हणतात, "आयकलंय गो, आयकलंय."

ही 'गो' म्हणजे तावड्यांची मोटारसायकल. तीन चाकांची. पुढे एक, मागे दोन, मध्ये ऐसपैस सीट, आणि चालते बॅटरीवर. आमच्याच चारकोपच्या औद्योगिक वसाहतीत एका उत्साही माणसानं असल्या गाड्या बनवायचा कारखाना काढला होता. दहा-बारा गाड्या विकल्या आणि कारखान्याला टाळं लागलं. त्या दहा-बारांतली एक तावड्यांनी घेतली. "दोन चाकांवर ह्या वयात तोल जाता, चार चाकांक पार्किंग नाय. म्हणान तीन," असा त्यांचा सरळ हिशेब. गाडीबरोबर माहितीपुस्तक मिळालं ते चिनी भाषेत. त्यामुळे ती पीं करते म्हणजे नेमकं कशाबद्दल बजावते, हे सांगणारा मुंबईच्या उपनगरांत कोणी उरला नव्हता.

माझ्याखेरीज. निदान मला तसं वाटत होतं.

मी पाटणकर. पस्तीस वर्षं एका कंपनीत इन्स्ट्रुमेंट विभागात काढली. प्रेशर गेज, थर्मोस्टॅट, अलार्म, जे जे म्हणून वाजतं आणि हलतं ते माझ्या हाताखालून गेलं. निवृत्त झाल्यापासून सोसायटीतली प्रत्येक बिघडलेली वस्तू आमच्याकडे येते. आमच्या दाराला चिमणीच्या आवाजाची बेल आहे. ती चिवचिवली की दारात कोणीतरी इस्त्री नाहीतर टेबलफॅन घेऊन उभं असणार. "काका, तुम्हीच बघा आता," हे वाक्य ऐकलं की मला जेवण गोड लागतं. खोटं कशाला बोलू.

तर असा मी, आणि भिंतीला भिंत लागून राहणारे तावडे. बायको तीन वर्षांपूर्वी गेली, मूलबाळ नाही. बोलणं बेताचं. एका कंपनीच्या पॅकिंग खात्यातून निवृत्त झालेले. स्क्रू उजवीकडे फिरवला तर घट्ट होतो की सैल, हे त्यांना विचारून बघायला हरकत नाही अशी माझी त्यांच्याबद्दलची समजूत. या माणसाची मला कधी असूया वाटेल, हे कोणी सांगितलं असतं तर मी हसलो असतो.

गाडी आली आणि आठवड्याभरात ती वाजू लागली. चावी फिरवली की कधी एकदा पीं, कधी दोनदा, कधी पाच मिनिटं सलग. बॅटरी भरलेली, ब्रेक ठीक, दिवे ठीक. दुसरा कोणी असता तर वैतागला असता. तावडे मान डोलवायचे आणि उत्तर द्यायचे. "होय, होय, हळू जातंय." "पेट्रोल नाय तुका, कसली बोंब मारतंस?" लोक आधी गॅलरीतून हसले, मग खाली उतरले, मग गाडीभोवती उभे राहायला लागले.

आणि मग कौल सुरू झाला.

कोकणात देवाला कौल लावतात. मूर्तीला पाकळ्या चिकटवायच्या, प्रश्न विचारायचा; उजवी पाकळी पडली तर होय, डावी पडली तर नाही. आमची निम्मी सोसायटी कोकणातली. एका सकाळी देसाईबाई सहज म्हणाल्या, "तावडे, विचारा ना तुमच्या गाडीला, मुलीनं बंगळूरची नोकरी घ्यावी का?" तावडे सीटवर बसले, डोळे मिटले, चावी फिरवली. एकच पीं. "उजवो," तावडे म्हणाले. मुलगी गेली, तिला तिथं बढती मिळाली, आणि त्यानंतर सकाळी सातला पार्किंगमध्ये जी गर्दी होऊ लागली तेवढी आमच्या वार्षिक सभेलाही होत नाही. पहिल्या मजल्यावरचे शहा दुकानाची दुसरी शाखा काढायची की नाही ते विचारून गेले. एक पीं, होय. दोन पीं, नाही. शिकलेली माणसं, पण रांगेत उभी.

माझ्या मनाची जी काहिली झाली ती काय सांगू. पस्तीस वर्षं मी यंत्रांना गप्प करून नाव मिळवलं, आणि या गृहस्थानं एक बिघाड नुसता बाळगून माझ्यावर मात केली. मी तीनदा ती गाडी तपासली. टेस्टर लावला, तारा मोजल्या, ब्रेकचे स्विच उघडले. तावडे दर वेळी सौजन्यानं सीटवर बसून राहायचे, वर चहा मागवायचे. "उतरा जरा," म्हटलं तर म्हणायचे, "माझे गुडघे, पाटणकरांनू. तुम्ही बघा, मी बसतंय." मला काहीच सापडलं नाही. शेवटच्या खेपेला त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "तिका काय सांगूचा आसता म्हणान ती बोलता. उगाच गप्प कशाक करूचा?" चार माणसं हसली. त्या रात्री मला जेवण कडू लागलं.

पण खरा घाव घातला तो आमच्या घरातूनच. आमचा मिक्सर माझ्याकडे दुरुस्तीला होता. घरचा असल्यामुळे तो रांगेत शेवटी होता एवढंच. एक दिवस सुनंदा, म्हणजे माझी बायको, नवा मिक्सर घेऊन आली.

"हे काय?" मी विचारलं.

"नवीन मिक्सर."

"जुना मी करतोय ना."

"सहा महिने करताय. मी आज खाली जाऊन विचारलं. ह्यांची वाट बघू की नवा घेऊ? नवा घे म्हणाली."

"कोण म्हणाली?"

"गाडी," सुनंदा म्हणाली आणि खोबरं वाटायला बसली.

त्या दिवशी मी ठरवलं की दसऱ्याच्या आत ही गाडी गप्प करायची. दसऱ्याला तावडे गाडीची पूजा करणार, साऱ्या सोसायटीसमोर गाऱ्हाणं घालणार, हे आधीच जाहीर झालं होतं. तिथंच, भर गर्दीत, मला सांगायचं होतं की बिघाड काय होता आणि तो कोणी काढला. पस्तीस वर्षांच्या नावाचा प्रश्न होता.

दसऱ्याच्या आदल्या दुपारी संधी आली. तावडे झेंडूची फुलं आणायला बाजारात चालत गेले. एकदा घराबाहेर अडकल्यापासून त्यांच्या सगळ्या किल्ल्यांचा दुसरा जुडगा आमच्याकडे असतो. मी तो घेऊन खाली गेलो आणि जी गोष्ट मला कधीच बघायला मिळाली नव्हती तिला पहिल्यांदा हात घातला. सीट उघडली.

सीटच्या खाली, कडीजवळ, एक छोटा स्विच असतो. सीट नीट बसली नाही की गाडी बजावते. इतकं साधं. आणि त्या कडीत पुठ्ठ्याचा एक तुकडा होता. तो आपोआप पडलेला नव्हता. उदबत्तीच्या पुड्याचा, चार पदरी घडी घातलेला, वर चिकटपट्टी गुंडाळलेली. पट्टी नवी होती. सीटवर जोर दिला की संपर्क जुळायचा, जरा उचललं की तुटायचा आणि गाडी वाजायची. बसणाऱ्यानं बूड हलवलं की हवी तेवढी पीं.

मी पुठ्ठा काढला, सीट बंद केली, चावी फिरवली. गाडी गप्प. आयुष्यात इतका आनंद मला फार थोड्या वेळा झाला आहे. पुठ्ठा खिशात घालून मी जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढलो.

दसऱ्याला सकाळी अकराला सगळे जमले. गाडीला झेंडूचा हार, हँडलला आंब्याची पानं, पुढच्या चाकाखाली लिंबू. तावडे पांढऱ्याशुभ्र सदऱ्यात. एका हातात नारळ, दुसरा हात सीटवर. त्यांनी गाऱ्हाणं सुरू केलं. एरवी चार शब्द न बोलणारा माणूस, पण आवाज असा लागला की गेटवरचा वॉचमनही उठून उभा राहिला.

"बा म्हाराजा, ह्या चारकोपच्या वस्तीत जी तुझी लेकरां आसत, तेंका सुखी ठेव रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले.

"कोणाच्या पोराची नोकरी, कोणाच्या पोरीचा लगीन, जा काय अडला आसात ता मार्गाक लाव रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"आणि ही जी माझी तीन चाकांची आसा, तिचो आवाज असोच ठेव रे म्हाराजा."

तावड्यांनी चावी फिरवली आणि सीटवरचा हात दाबून जरा उचलला. गाडी गप्प. त्यांनी पुन्हा दाबून उचलला. लोक वाट बघत होते. मी खिशातल्या पुठ्ठ्याला हात लावला, एक पाऊल पुढे टाकलं, आणि तेवढ्यात तावड्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. रांगेत उभं राहून नंबर आला आणि खिडकी बंद झाली की माणूस जसा बघतो तसं. मी टाकलेलं पाऊल मागे घेतलं. का, ते तेव्हा मला कळलं नाही.

"आज बोलत नाही वाटतं," देसाईबाई म्हणाल्या. शहा म्हणाले, "बॅटरी संपली असेल." नारळ फोडला, प्रसादाचं खोबरं वाटलं गेलं. पाच मिनिटांत पार्किंगमध्ये तावडे, मी आणि गाडी एवढेच उरलो.

"पुठ्ठो तुमच्या खिशात आसा ना?" तावडे म्हणाले.

मी तो काढून दाखवला. "तुम्हीच घातला होता."

"पयल्यांदा आपसूक झाला. पूजेचा सामान सीटखाली ठेवताना उदबत्तीच्या पुड्याचो तुकडो अडाकलो. दोन दिवसांत माका कळला. काढलंय. दुसऱ्या सकाळी गाडी गप, तशी माणसा पण गप. कोणी खाली उतराक नाय. म्हणान परत घातलंय."

"आणि कौल? तो मिक्सर?"

"मगे? सा म्हयने वाट बघितल्यानी वहिनींनी." तावडे ओशाळं हसले. "वाईट कौल कोणाक दिलंय नाय, पाटणकरांनू. देसायांची पोर जावक तयार होती, तिची आवस, देसाईबाय, तेवढी घाबरत होती. जेका जो व्हयो होतो तोच दिलंय."

ते सीटवर बसले. गाडी अर्थातच गप्प होती.

"आमची ही होती तेव्हा बायका ब्लाऊज शिवून घेवक येत होत्यो," ते म्हणाले. "बेल थांबा नाय. मी वैतागत होतंय. ती गेली आणि बेल गेली. तुमची चिमणी मात्र दिवसातून धा वेळा वरडता. मी भिंतीआड बसान आयकतंय. कोण इला, काय घेवन इला. माझी बेल शेवटची वाजली ती दूधवाल्यानं वाजवल्यानी, ती पण चुकान. तेका तुमच्याकडे येवचा होता." त्यांनी हारातलं एक झेंडूचं फूल सरळ केलं. "माका तुमचो हेवो वाटता, पाटणकरांनू. खोटा कशाक सांगू."

मी सहा महिने त्या माणसावर जळत होतो, आणि तो त्याच भिंतीला टेकून तीन वर्षं माझ्यावर जळत होता. मला लाज वाटली.

"टाकून द्या तो पुठ्ठो," ते म्हणाले. "झाला ता झाला."

"टाकणारच आहे," मी म्हटलं. "पावसात भिजून लगदा होईल याचा. कोणी पुठ्ठा लावतं का अशा ठिकाणी?"

मी वर जाऊन हत्यारांची पेटी आणली. रबराची एक पातळ चकती कापली, कडीच्या मापाची, कडेला थोडी तिरपी, म्हणजे एक पीं आणि दोन पीं स्वच्छ वेगळ्या वाजतील. बसवली. तावड्यांनी बूड उजवीकडे कलवलं, एक पीं. डावीकडे, दोन. माझ्या पस्तीस वर्षांतलं ते सर्वांत नीट झालेलं काम आहे, आणि मी ते कोणालाही दाखवू शकत नाही.

घरी गेलो तर सुनंदानं विचारलं, "पेटी घेऊन गेला होतात. लागला का बिघाड?"

"नाही," मी म्हटलं. "माझ्याच्यानं ती गाडी सुधारणार नाही."

"मी म्हटलंच होतं," सुनंदा म्हणाली. संध्याकाळपर्यंत ते सोसायटीभर झालं. पाटणकर काकांना जमलं नाही. पुढच्या आठवड्यात देसाईबाईंनी इस्त्री रस्त्यावरच्या दुकानात दिली. ते लागलं मला, अजून लागतं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सातला पीं ऐकू आली. "आयकलंय गो," तावडे म्हणाले. गर्दी पुन्हा होतीच. मी पण उतरलो, रांगेत उभा राहिलो. माझा नंबर आला तेव्हा सगळे कान टवकारून उभे होते.

"तुमका काय विचारूचा आसा?" तावड्यांनी विचारलं.

"तावडे रोज सकाळी आमच्याकडे चहाला येतील का?"

तावड्यांनी आधी आमच्या गॅलरीकडे पाहिलं. मग त्यांनी चावी फिरवली आणि हळूच उजवीकडे कलले. एक पीं.

साडेसातला सुनंदानं आलं घातलेला चहा कपात ओतला. माझ्या कपात, त्यांच्यासाठी. मी दार सताड उघडं ठेवलं होतं. तरी तावड्यांनी बेल वाजवली, आणि चिमणी ओरडून थांबेपर्यंत बाहेरच ऐकत उभे राहिले.