वायनात गेलेला आरसा

"काका, मोपा विमानतळावर उतरले. तासाभरात तुमच्याकडे पोचते," असा विज्ञान संग्रहालयाच्या सेजलचा फोन आला, तेव्हा श्रीनाथ गावस एक रिकामी मखमली डबी उलटी करून झटकत होते. डबीत तळहाताएवढा आरसा असायला हवा होता. ज्या अवकाश दुर्बिणीपायी त्यांनी बंगळुरात एकतीस वर्षे काढली, तिच्या आरशाचा तो चाचणीचा तुकडा. आता तो संग्रहालयात जाणार होता आणि शेजारी श्रीनाथांच्या नावाची पाटी लागणार होती. गोव्यातल्या लाटंबार्से गावात निम्मे लोक त्यांना अजून टीव्हीच्या डिश बसवणारे समजत, त्यामुळे त्या पाटीवर त्यांचा भारी जीव होता.

"कमलाक्षी! डबीतलो आरसो खंय?"

"तो? तयेच्या दिसा वायनांत घातलो," बायको स्वयंपाकघरातून म्हणाली. "बाजारातलो फुटलो. फणी-आरसो नासताना वायन कशें दिवप?"

"कोणाक दिलो?"

"देवकीक. पूण आयकात..."

ऐकायला श्रीनाथ थांबलेच नाहीत. तयेला, म्हणजे चवथीच्या आदल्या दिवशी, सवाष्णीला दिलेले वायन, म्हणजे वाण, परत मागू नये, हे त्यांना ठाऊक होते. पण लाज धरायला वेळ कुठे होता!

"लाल ब्लाउजपीसात बांधिल्लो मू, काका?" शेजारची देवकी म्हणाली. "मी गांठ सोडूंकच ना. तसोच जानकीक दिलो."

"सोडूंक ना?"

"वायनाचो ब्लाउजपीस कोण सोडता? तो फिरता."

खरेच होते. तो ब्लाउजपीस चार वर्षे वाड्यावर फिरत होता आणि शिवायचे धाडस कोणी केले नव्हते.

"काका, अस्नोडा गेलं," फोन पुन्हा बोलला.

काजूच्या चढावर श्रीनाथांची चप्पल तुटली. ती हातात घेऊन ते जानकीच्या दारात उभे राहिले. जानकी ओशाळली.

"रागावूं नाकात. मीय फुडें दिलो."

"आनी कोणाक?"

"तुमच्याच घरा."

ते धापा टाकत परतले, तर दारात गाडी, घरात सेजल चहा पितेय आणि कमलाक्षीच्या मांडीवर लाल गाठोडे.

"म्हायत आशिल्लें, तर सांगूंक जायना?"

"कोणाक दिलो तें इचारलांत. परत आयलो काय, तें खंय इचारलांत?"

गाठ सुटली. आरसा धड होता, फक्त कडेला कुंकवाचे बोट उमटलेले. श्रीनाथांचे डोळे भरून आले. सेजलने अर्ज काढला.

"देणाऱ्याचं नाव?"

"थांब गो बाये," कमलाक्षी म्हणाली. "हे कशे दितले? वायन माका मेळ्ळां. आरसो आतां माझो. दितां, पूण मी दितां."

सेजलने दोघांकडे पाहिले आणि कमलाक्षीचे नाव लिहिले.

महिन्याभराने पाटीचा फोटो आला. श्रीनाथांनी तो पहिल्यांदा नाक्यावरच्या दुकानदाराला, बाबलीला दाखवला. 'अवकाश दुर्बिणीचा आरसा. भेट : कमलाक्षी श्रीनाथ गावस.' नाव आले होते, मधल्या जागेत का होईना.

बाबलीने चष्मा सारखा करून दोनदा वाचले.

"दुर्बीण काकीन केल्ली?" तो म्हणाला. "म्हणजे तुमी डिशीच बसयताले मू!"