शालनकाकू टेबल बघायला निघतात

फर्निचरच्या दुकानात शिरल्यावर शालनकाकू पहिल्यांदा टेबलाला लाथ मारतात. मी अलंकारिक बोलत नाही. चप्पल दाराशी काढतात, पदर खोचतात आणि समोर जे टेबल असेल त्याच्या पायावर अनवाणी पायानं सणसणीत लाथ. टेबल हललं की दुकानदाराकडे अशा बघतात, जणू लाथ त्यानं मारलीय.

"ह्ये काय टेबल हाय व्हय?"

हा प्रश्न मी कराडात ऐकला, साताऱ्यात ऐकला, सांगलीत तर मान खाली घालून ऐकला. मलकापुरात आमची दारं समोरासमोर. मला गाडी चालवता येते आणि नाही म्हणता येत नाही, म्हणून ही वरात माझ्या गळ्यात पडली.

काकूंना राग येतो असं म्हणणं बरोबर नाही. राग असतोच, अधूनमधून तो जरा कमी होतो एवढंच. आमच्या लिफ्टमध्ये एक बाई 'कृपया दरवाजा बंद करा' म्हणते. काकू तिला रोज उत्तर देतात. "मला शिकिवतीया! सवता हात लाव की!" दूधवाला, केबलवाला, सोसायटीचा चेअरमन, सगळे काकूंच्या दारावरून चवड्यांवर जातात. त्यांना भिडायचे ते एकटे तात्या. काकूंचे यजमान. फौजेत हवालदार होते, ट्रक चालवायचे, आणि ट्रकच्या आवाजावर मात करून बोलायची सवय घरी घेऊन आले होते. दोघांचं जुंपलं की मी टीव्हीचा आवाज वाढवायची.

गेल्या उन्हाळ्यात तात्यांना झटका आला. उजवा हात गेला आणि बोलणं गेलं. ऐकू येतं, समजतं, पण शब्द बाहेर पडत नाही. डॉक्टर म्हणाले, बोलतं करा, हळूहळू येईल. आता तात्या दिवसभर गॅलरीशेजारच्या खुर्चीत बसून असतात. शेजारी प्लास्टिकचं स्टूल, त्यावर पाणी, गोळ्या, चष्मा. डावा हात जरा जोरात लागला की सगळं जमिनीवर. म्हणून टेबल हवं होतं. साधं, खुर्चीशेजारचं.

पहिलं टेबल पुण्याच्या मुलानं घरपोच पाठवलं. सुईसारखे तीन पाय आणि वर भाकरीएवढी फळी. काकूंनी त्याला फोन लावला. आवाज मला माझ्या स्वयंपाकघरात आला.

"ह्ये काय पाठिवलंस? यावर तुज्या बापाचा चष्मा ठिवला तर गोळ्या कुटं ठिवू, तुज्या डोक्यावर?"

"आई, मॉडर्न आहे ते. सगळे हेच घेतात."

"सगळ्यांना तीन पाय आसत्यात का? चौथा कुटं गेला इचार त्यास्नी!"

ते टेबल तुळशीच्या कुंडीखाली गेलं.

मग कुणीतरी साताऱ्यातलं जुन्या वस्तूंचं दुकान सांगितलं. मालक हौशी होता, दाढी राखलेला, बोटात अंगठ्या. त्यानं एका काळ्या टेबलावरून मायेनं हात फिरवला. "मावशी, हे अँटिक. शंभर वर्षांच्या वरचं. आणि ते पलीकडचं विंटेज. शंभरच्या आतलं."

"म्हंजी मी विंटेज?"

मालक हसला. ती चूक झाली. काकूंनी अँटिकला लाथ घातली आणि ते एका बाजूला झुकलं ते झुकलंच.

"माजी सासू बी अशीच डुगडुगायची. तिला कुनी पैसं दिऊन न्हेली न्हवती."

विंटेजचा खण ओढला तर मूठच हातात आली. ती मूठ मालकाच्या तळहातावर ठेवून काकू म्हणाल्या, "धरा. तुमची हाय." आणि बाहेर. मागे राहून माफी मागायचं काम माझं.

पुढच्या रविवारी सांगली. मोठा शोरूम, एसी, गुळगुळीत फरशी, दार उघडायला वेगळा माणूस. टाय लावलेला विक्रेता काकूंना एकातून एक निघणारी टेबलं दाखवायला लागला. मोठ्यातून मधलं, मधल्यातून धाकटं.

"ह्ये टेबल हाय का बाळातपन?"

काचेचं दाखवलं. काकूंनी कडेवरून बोट फिरवलं. "हात आपाटला तर कापंल." लोखंडी दाखवलं. "थंडीत हात टेकवंल का कुनी?" चाकांचं दाखवलं. त्याला लाथ बसली आणि ते थेट सोफ्यावर बसलेल्या एका गिऱ्हाइकाच्या गुडघ्यावर. त्या बाई किंचाळल्या. काकू त्यांच्यावरच उखडल्या, "टेबल पळतंय ते दिसंना, बसलाय काय वाटंत!"

शेवटी वैतागलेल्या विक्रेत्यानं कोपऱ्यातलं एक दाखवलं. सोनेरी पाय, प्रत्येक पायावर मोराची मान, वर गुलाबी संगमरवरासारखं काहीतरी, आणि कडेनं खोटे चमकते खडे. लग्नाच्या स्टेजवरून कुणी ढापून आणल्यासारखं. मी नजर फिरवली. काकूंनी तर लाथसुद्धा मारली नाही. त्याच्याकडे बघून नुसतं "हुं" केलं आणि चपला घातल्या.

परतीच्या वाटेवर आष्ट्याच्या अलीकडे उसाच्या ट्रॅक्टरांमागे अडकलो. ऊन, धूर, हॉर्न, आणि शेजारी काकूंची सरबत्ती चालूच. टायवाला असा, एसी तसा, माझं गाडी चालवणं कसं. माझा तोल गेला.

"पुरे करा काकू! एक साधं टेबल! माझे रविवार गेले यात! काहीही आणा ना, तात्या कुठं काय म्हणणार आहेत?"

बोलल्यावर मलाच ऐकू आलं मी काय बोलले ते. काकू ओरडतील म्हणून वाट बघितली. त्यांनी खिडकीची काच वर केली.

"त्येच की गं," त्या म्हणाल्या. "मी आनल्याली एक बी वस्तू ह्यांनी कवा चांगली म्हनली न्हाई. पडदं आनलं तर म्हनलं, तंबू ठोकतीस का? कढई आनली तर म्हनलं, यात म्हस धुवायची का? लय संताप यायचा. आन आता..." त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "आता काय बी दावलं की मान हालिवत्यात. चांगलं हाय म्हनून. परवा भाजीत मीठच न्हवतं. तवा बी मान हालिवली."

ट्रॅक्टर पुढे सरकला. मी गिअर टाकला.

"गाडी वळिव," काकू म्हणाल्या.

"कुठं?"

"सांगलीला. ते मोराचं आनायचं."

"काकू, ते? अहो, ते घरात ठेवण्यासारखं तरी आहे का?"

"तुला इचारलंय का? वळिव म्हनलं न्हवं!"

वळवली. काय करणार? टायवाल्यानं आम्हाला परत बघितलं आणि तो मागच्या मागे पार कोठीपर्यंत गेला. मोराचं टेबल मागच्या सीटवर आडवं घालून आम्ही मलकापुरात पोचलो तेव्हा दिवे लागले होते. लिफ्टमधली बाई काहीतरी म्हणाली, पण काकू तिला काही बोलल्या नाहीत.

तात्या खुर्चीत होते. काकूंनी स्टूल बाजूला सारलं, टेबल त्यांच्या डाव्या हाताला मांडलं. ट्यूबलाइटखाली खडे असे लखलखले की भिंतीवर ठिपके पडले. काकू कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"कसं हाय? लय भारी हाय का न्हाई? शोरूमचं हाय."

तात्यांनी टेबलाकडे बघितलं. मोरांकडे बघितलं. मग काकूंकडे बघून मान हलवली, चांगलं आहे अशी.

"मान हालवू नगा!" काकू ओरडल्या. आवाज फाटला. "तोंडानं बोला! वंगाळ दिसतंय तर वंगाळ म्हना की! आसलं आनून ठिवलंय मी घरात, तुमाला काईच वाटंना व्हय? आता ह्येच ऱ्हानार हितं, जलमभर! दोन बी आनते उद्या! चार आनते!"

मी दारात अवघडून उभी होते. मध्ये पडावं असं वाटलं, आजारी माणूस आहे म्हणून. पण तात्यांचा चेहरा लाल व्हायला लागला होता. कपाळावरची शीर वर आली. डावा हात उठला, टेबलाच्या कडेला टेकला आणि त्यांनी ते ढकललं. ओठ वाकडे झाले, काहीतरी गोळा करत असल्यासारखे थरथरले.

"उ..." तात्या म्हणाले. "उच... उचल!"

काकूंचे कमरेवरचे हात खाली आले.

"उचल ह्ये!"

शब्द जाड होता, लडबडलेला होता, पण हवालदाराचाच होता. काकूंनी तोंड फिरवलं, माझ्याकडे. डोळ्यांतून पाणी गालावर आलं होतं, ते पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं. मग पाठ तशीच ठेवून त्या पूर्ण ताकदीनं कडाडल्या.

"उचलत न्हाई! काय करायचं ते करा!"

मी दार ओढून घेतलं. कुलपाला किल्ली लावून घरात शिरेपर्यंत मागून पुन्हा ऐकू आलं, "उचल!" आणि त्यावर काकूंचा आवाज, त्याहून मोठा.

टीव्ही सकाळपासून तसाच चालू राहिला होता. मी बंद केला.