पुलाच्या तोंडाशी एक दगड

मंडळी, बागेचा फोटो कसा काढावा ते मला विचारा! तळ्यावरच्या लाकडी पुलाचे वसंतात, भर उन्हाळ्यात आणि मेपल लाल झाल्यावर असे तीन फोटो मी काढून ठेवले होते. हिवाळ्याचा तेवढा बाकी. चार ऋतू जमले की बागेच्या दालनात, वर्षभर भिंतीवर! फोटो द्यायची मुदत त्या दिवशी संध्याकाळची, आणि बर्फही नेमका त्याच सकाळी पडलेला. फक्त पूल रिकामा हवा होता.

बायको, चिझुरू, पुलापलीकडच्या बेटावर चहा घ्यायला गेली. मी पुलाच्या तोंडाशी कॅमेऱ्याचं तिकाटणं मांडलं, तर त्याचा एक पाय सारखा घसरे. शेजारच्या पायवाटेवर काळ्या सुतळीनं बांधलेला दगड होता. आमच्याकडे असा दगड दिसला की वाट बंद. पाटी लागत नाही, रखवालदार लागत नाही. म्हटलं, एवढ्या बर्फात तिकडे कोण मरायला जाणार? उचलला आणि दिला पायाला टेकू! मग जागा पसंत पडेना म्हणून तिकाटणं दहा पावलं मागे नेलं. दगड तिथंच, पुलाच्या तोंडाशी राहिला.

कॅमेऱ्यातून बघतो तर पुलावर एक आजीबाई उभ्या! थांबलो. त्यांच्या मागून बेटावरून सहलीचे वीसजण आले, छत्र्यांसकट. कुणी हलेना!

"आजी, जरा पुढे येता का?"

"कशी येऊ? वाट बंद आहे ना!"

"एवढासा तर दगड! ओलांडा की!"

"शी! वय काय, बोलतोस काय!"

मी दगड उचलायला धावलो आणि थबकलो. बागेचा दगड चारचौघांत उचलायचा? माझाच हात पुढे होईना!

गर्दीमागून चिझुरू ओरडली, "अहो, तो दगड तुम्हीच ठेवलात ना?"

"मी? छे! मी ओळखतसुद्धा नाही त्याला!"

तेवढ्यात माळ्यांचे मुकादम कुराता आले. दगड पाहून त्यांनी टोपीच काढली.

"कुणी ठेवला ठाऊक नाही. पण ठेवलाय म्हणजे पूल धोक्याचा असणार!"

झालं! शेवाळ काढायची नाव आली. मंडळी दोन-दोन करून वीस हात पाणी ओलांडू लागली. आजीबाई तर हौसेनं दोनदा नावेत बसल्या! शेवटच्या खेपेला चिझुरू नावेत चढली आणि पूल रिकामा झाला. अगदी रिकामा! मी कॅमेऱ्याकडे झेपावलो.

तोच मागून कुराता गरजले, "आणा रे पहारी! फळ्या उचकटा!"

तीनशे वर्षांचा पूल, आणि माझ्या टेकूपायी!

"थांबा!" मी दगडापाशी धावलो आणि कमरेत पार वाकलो. "मीच ठेवला! माफ करा!"

मग कुराता माझ्यापुढे वाकले. "आमच्या गैरसमजामुळे तुमचा फोटो राहिला. आम्हालाच माफ करा." मागे आजीबाई वाकल्या, सहल वाकली. मग मला पुन्हा वाकावं लागलं, मग त्यांना. हे आटपेपर्यंत ऊन आलं आणि पुलावरचा बर्फ पाणी होऊन गेला.

चिझुरूनं मात्र नावेतून मोबाइलवर एक फोटो काढला होता, तो तिनं गुपचूप पाठवून दिला. आता तो दालनात लागलाय. ताजा बर्फ, रिकामा पूल, आणि काठावर एका दगडाला साष्टांगाच्या बेतानं वाकलेला मी.

वर्षभर आहे. बघायला या, पण मला ओळख दाखवू नका!