राऊतकाकांचा आंबट गोंद

राऊतकाकांना काहीही द्या, ते आधी त्याच्या गोंदाचा वास घेतात. लग्नाची पत्रिका दिली तर पहिल्यांदा पाकिटाची कड नाकाला. एकदा मी नवे बूट घालून गेलो, तर त्यांनी एक बूट उचलून हुंगला आणि म्हणाले, "ह्याचा सोल चार म्हैन्यांत सुटनार." तीन महिन्यांत सुटला. त्याचा राग मला अजून आहे.

गिरीज गावातली त्यांची केळीची वाडी आमच्या बिल्डिंगच्या कंपाउंडला लागून आहे. वालीवच्या एका कारखान्यात त्यांनी तीस वर्षं वायरिंगचं काम केलं, पण नाद हॅम रेडिओचा, घरी जोडलेल्या सेटवरून दूरच्या माणसांशी बोलायचा. सरकारी परवाना भिंतीवर, देवांच्या शेजारी. दोन माडांच्या मध्ये अँटेनाची तार, आणि त्या तारेवर कपडे वाळत घालायला काकूंना सक्त बंदी.

रेडिओचे किट जोडताना त्यांचा खरा जीव गोंदात. तांब्याच्या तारेची वेटोळी जड असतात. नुसत्या सोल्डरच्या डाखावर उभी ठेवली तर हलून हलून त्यांचे पाय तुटतात. म्हणून ती बोर्डाला चिकटवायची. पण कशाने? यावर काकांनी मला जे ऐकवलंय त्याची पोथी होईल. झटपट गोंदाची वाफ डोळ्यांना झोंबते, आधी खिडकी उघड. तापणाऱ्या भागाजवळ वितळणारा गोंद लावणारा माणूस वादळात केळीला टेकू न देता झोपतो. सिलिकॉनला व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर ते बाहेर फेक, ते तांबं खातं. आणि वर, "चिकटव, पन उद्या सोडवता येईल असं चिकटव."

नाकावरही त्यांचा पुरता भरवसा नव्हता. नव्या गोंदाचा थेंब तांब्याच्या तारेवर लावायचा आणि ती तार झाकणाच्या बरणीत पंधरा दिवस ठेवायची. हिरवी पडली की ट्यूब कचऱ्यात. या बरण्या काकूंच्या लोणच्यांच्या फळीवर असत. एकदा भाकरीबरोबर माझ्या पुढ्यात कोणती बरणी आली, ते सांगत नाही.

हा सगळा खटाटोप रोज सकाळी सातच्या गप्पांसाठी. रत्नागिरीकडचे एक निवृत्त मास्तर काकांशी रेडिओवर बोलायचे. बावीस वर्षं. प्रत्यक्ष भेट एकदाही नाही. विषय तीनच: पाऊस, गुडघे आणि गोंद.

दीड वर्षापूर्वी काकांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, वर सर्दी. म्हणून नवा सेट माझ्याकडून जोडून घेतला. वालीवहून ट्यूब मी आणली, वास मी घेतला, वेटोळं मी चिकटवलं. तार मात्र बरणीत दोनच दिवस ठेवली. तसं सांगितलंही. नाक चोंदलेलं, काका 'बरं' म्हणाले.

पाच महिने सेट झकास चालला. मग एका रविवारी काका आमच्या गेटवर येऊन ओरडले, "माझा सेट मारलास तू! आंबट गोंद लावलास!" वॉचमनपासून सेक्रेटरीपर्यंत सगळ्यांनी ऐकलं. मी म्हटलं, उघडून तर बघू. "मेल्याला काय बघायचं?"

त्यानंतर वर्षभर गावभर माझा उद्धार. गणपतीच्या मखराचे पुठ्ठे चिकटवायला बसलो, तर हे मंडपात हजर. "ह्याच्या हातात ट्यूब देऊ नका." दारात गेलो तर 'बस' म्हणणं सोडाच, मान वर करत नव्हते. ज्याचं करावं बरं, तो म्हणतो माझंच खरं. ज्यांच्या गोंदासाठी उन्हातान्हात वालीवला खेपा घातल्या, त्यांनीच माझी अब्रू वेशीला टांगली. मला ते फार लागलं.

गेल्या महिन्यात काकूंनी केळी न्यायला बोलावलं. मी खिशात स्क्रूड्रायव्हर घालूनच गेलो. काका पडवीत, तोंड वाडीकडे. "सेट उघडतोय," मी म्हटलं.

"उघड. तुझी खात्री कर."

आतल्या खोलीत बसून झाकण काढलं. वेटोळं लख्ख, पितांबरीने घासल्यासारखं. बॅटरी जोडली, इअरफोन कानाला लावला. दूरवरची दोन माणसं हवापाण्याचं बोलत होती. माझा गोंद निर्दोष होता! आता काकांना हाताला धरून आणायचं आणि दाखवायचं, एवढंच बाकी होतं.

काकू चहा घेऊन आल्या आणि सेटचा लागलेला दिवा बघून थबकल्या. मग अगदी हळू म्हणाल्या, "मास्तर गेले रे. हे तुमच्या गेटवर ओरडले ना, त्याच आठवड्यात. मुलीचा फोन आला होता, मीच ह्यांना सांगितलं. तर म्हनाले, मास्तर कुठं जातात? सेट बिघडलाय."

"हिरवं पडलंय ना?" पडवीतून काकांनी विचारलं.

मी इअरफोन काढला. बॅटरी सोडवली, झाकण बसवलं, चारही स्क्रू घट्ट पिळले.

"पडलंय, काका. आंबटच होता गोंद. चूक माझी."

पडवीत पाट सरकवल्याचा आवाज आला.

"तरी दोनच दिवस ठेवलीस तू तार," काका म्हणाले. "ये. बस."