संघपालच्या चार चकरा

“मॅडम, लोकायले बारीक व्हा म्हनून सांगता, मंग तुमी काहून एवढ्या जाड?”

हा प्रश्न विचारून दाखव, असं म्हणत नगमानं आणि मागच्या बाकावरच्या साऱ्या पोरींनी रश्मीला डिवचलं होतं. वलगावच्या शाळेत तपासणीला आलेल्या डॉक्टरीणबाईंना नववीतल्या रश्मीनं तो उभं राहून, खणखणीत आवाजात विचारला. महिन्यापूर्वी वक्तृत्वाचं बक्षीस मिळाल्यापासून गप्प बसणं तिला गुन्हा वाटत असे.

बाई हसल्या. “लहानपणी माझ्याकडे कोणी लक्ष दिलं नाही म्हणून. तुझ्या घरी आहे का कोणी लक्ष देण्यासारखं?”

होता. पाचवीतला भाऊ, संघपाल. गोल, गोड आणि बसल्या जागी रुजणारा. त्याला खो-खोच्या संघात जायचं होतं, आणि गुरुजींची अट होती: पंधरा दिवसांत मैदानाच्या चार चकरा न थांबता मारून दाखव. संघपाल एका चकरेत खाली बसे आणि मग संध्याकाळभर भिंतीकडे तोंड करून राही.

बाईंनी सांगितलं, रोज चाला, उपाशी ठेवू नका, रागावू नका, साऱ्या घरानं सारखंच जेवा. रश्मीनं यातलं ‘रोज चाला’ तेवढं घरी नेलं. बाकीचं स्वतःच्या बुद्धीनं भरून काढलं.

“पंधरा दिवसात याले हरीण करतो,” तिनं जाहीर केलं.

नियमांची पाटी भिंतीवर चढली. तेल अर्धं. पोळ्या दोन. प्रत्येक घास बत्तीस वेळा चावायचा, तोवर बोलायचं नाही. पहाटे बापलेकांनी शेतापर्यंत पायी जाऊन यायचं, तेही मुकाट्यानं, कारण बोलल्यानं दम लागतो. स्वतः रश्मीला एकही नियम नव्हता. मास्तर थोडाच परीक्षेला बसतो?

वडिलांनी, म्हणजे देवरावांनी, लेकीपुढे मान तुकवली.

पण ते साल असं होतं, की कपाशीनं घरोघरी दगा दिला होता आणि सकाळचा पेपर उघडायला हात धजत नसे. गावानं केशवरावांना पुढं करून एक समिती केली होती. कोणाची चूल कमी पेटते, कोण एकटं हिंडतं, कोण बोलेनासं झालं, यावर नजर ठेवायची. काम मोलाचं होतं. फक्त देवरावांचा कापूस यंदा बरा झाला होता, हे कोणाच्या ध्यानात राहिलं नाही.

शेजारच्या पार्बताबाईनं संघपालला दारात गाठलं.

“काहून रे, तोंड उतरलं तुहं? जेवला काय?”

“दोन पोळ्या. तिसरी मांगतली तं ताई पाटी दाखवते.”

“आन् भाजी?”

“तेल अर्धं केलं तिच्यातलं.”

“मंग बाबा काई म्हनत नाही?”

“बाबा तं बोलतच नाही.”

पार्बताबाईच्या हातातलं सूप खाली पडलं.

त्याच संध्याकाळी समिती आली. देवराव जेवत होते.

“जयभीम, देवराव,” केशवराव हळूच टेकले. “मनात काई असन तं बोल गा. आमी हाओत.”

देवरावांच्या तोंडात ठेच्याचा घास होता आणि समोर रश्मी मोजत होती. एकोणीस. वीस. देवराव नुसते पाहत राहिले. डोळ्यांतून धारा लागल्या.

“रडून राह्यला बिचारा,” समिती कुजबुजली.

“काका, हे सारं माह्या नियमानं चालू हाये,” रश्मी म्हणाली.

“पोरगी बापाले सावरून घेऊन राह्यली,” म्हणत केशवरावांनी दुपट्ट्यानं डोळे टिपले. वक्तृत्वाचं बक्षीस तिथं काही कामाला आलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून डबे सुरू झाले. पार्बताबाईचा शिरा, नगमाच्या घरचा जर्दा म्हणजे केशरी गोड भात, केशवरावांकडच्या पुरणपोळ्या, तुपाच्या वाटीसकट. परत करावं तर माणसं दुखावतात, संघपालला द्यावं तर नियम मोडतो. भावासाठी रश्मीनं तो भार स्वतःच्या पोटावर घेतला. दोन्ही वेळा घेतला.

“तुह्या त्यागाचे भांडे घासू घासू माहे हात गेले,” आई केशरबाई म्हणाली.

पंधराव्या दिवशी समितीनं खबरदारीची शेवटची पायरी गाठली. देवरावांच्या गोठ्यातला फवारणीचा डबा आणि दावं कोणीतरी गुपचूप उचलून नेलं. डब्याचं ठीक होतं. दाव्याला बैल बांधलेला होता.

मोकळा बैल चांदूर बाजारच्या रस्त्याला लागला. रश्मी मागं धावली आणि शाळेच्या फाटकापाशी पुरणपोळ्यांनी तिला खाली बसवलं. तिच्या बाजूनं संघपाल गेला. बैल वळून मैदानात शिरला, तोही शिरला. बैल गोल पळू लागला, संघपाल त्याच्या मागं. गुरुजी फाटकात उभे राहून मोजू लागले. सहाव्या चकरेला बैल दमला. पंधरा पहाटा शेतापर्यंतची पायपीट संघपालनं केली होती, बैलानं नव्हती.

“लिहिलं तुहं नाव,” गुरुजी म्हणाले. “बैलाचंबी लिहू काय?”

संघपाल धापा टाकत बहिणीजवळ आला. “ताई, ऊठ. हात दे.”

बैल शोधायला अर्धं गाव जमलंच होतं. देवराव पंधरा दिवसांचं साठलेलं सगळं एका दमात बोलले. माणसं पोट धरून हसली. केशवराव हसता हसता थांबले.

“खोटं निंघालं तेच बरं गा,” ते म्हणाले. “दर बारीले असंच खोटं निंघो.”

घरी आल्यावर रश्मीनं पाटी उतरवली आणि आईवडिलांपुढे उभी राहिली. आवाज नेहमीपेक्षा बराच खाली होता.

“मी ठरवलं. उद्यापासून साऱ्या घराचं जेवन एकच. आन् पहाटे तुमच्यासंगं मीबी येतो चालाले,” ती म्हणाली. “जरा मांगून. हळूहळू.”