पाटलांच्या बागेची भिंत

"सायबांनी साखऱ्यात तीन कप चहा घेतला," कोतवालानं बातमी सांगितली आणि पुसेगावच्या तातेराव पाटलांचा अडकित्ता सुपारीवरच थांबला.

"तीन?"

"तीन. किसनराव पाटलाच्या बागेत. भिंतीवर अशी वेल फुललीय की खाली भिंत हाय का न्हाई कळत न्हाई. सायेब म्हनले, बाजार भरावा तर अशा गावात!"

त्या साली निजाम सरकारकडून नवा आठवडी बाजार मंजूर व्हायचा होता. साखरा की पुसेगाव, हे हिंगोलीचे तहसीलदार साहेब ठरवणार होते आणि शुक्रवारी ते तातेरावांच्या बागेत उतरणार होते. बागेत चार पेरू होते, एक विहीर होती आणि एक लांबच लांब उघडी मातीची भिंत होती. वीस वर्षांत तातेरावांचं तिच्याकडे कधी लक्ष गेलं नव्हतं. आता त्यांना दुसरं काही दिसेना. जेवताना उठून ते दोनदा भिंत पाहून आले.

"पाच दिसांत कंची वेल येती?" त्यांनी बायकोला, पार्वतीबाईंना विचारलं.

"पाच दिसांत मटकीला मोड येत्यात. तेबी भिजत घातली तर. काहून असं करून राहिले तुमी? दोन घास तरी बसून खा."

पण बसणं त्यांना जमेना. शेतातल्या घोसाळ्याच्या वेली त्यांनी मुळासकट उपटून आणल्या आणि खिळे ठोकून भिंतीवर टांगल्या. दुपारपर्यंत वेलींनी माना टाकल्या. सगळ्या गावानं आपली जुनी मुंडाशी तिथं वाळत घातली आहेत, असं वाटू लागलं.

मग गुलाम नबी गवंड्याला बोलावणं गेलं. तो शांत माणूस. त्यानं भिंतीवर हात फिरवला.

"पांढऱ्या मातीचा हात देतो, पाटील. त्यात मूठभर गूळ कालवायचा, म्हंजे माती पकड धरती. दोन दिस वाळू द्या. घाई केली तर तकलीफ व्हईल."

मूठभर गुळानं दोन दिवस लागतात, तर जास्तीनं लवकर वाळेल, असा हिशेब तातेरावांच्या डोक्यात तयार झाला. गुलाम नबी नमाजला गेलेला पाहून त्यांनी गुळाच्या दोन अख्ख्या भेल्या फोडून कालवणात सोडल्या आणि बांबूनं ढवळल्या. परत आलेल्या गुलाम नबीनं कालवण हुंगलं, पाटलांकडे पाहिलं आणि कामाला लागला. संध्याकाळी भिंत पांढरीशुभ्र झळकली. वाळली का, हे पाहायला तातेरावांनी तिला अकरा वेळा बोट लावलं. अकरा वेळा ते चिकटलं.

शुक्रवारी सकाळी भिंत काळी होती आणि हलत होती.

"मुंगळे!" तातेराव ओरडले. "पानी आना! फाटक उघडं ठेवा, घागरी येऊ द्या!"

पाण्यानं मुंगळे पळाले, पण ओल्या गुळाचा वास गल्लीत गेला. रहिमाबीच्या सात शेळ्या चरायला निघाल्या होत्या. त्या थबकल्या, वळल्या आणि उघड्या फाटकातून आत आल्या. बघता बघता सातही जणी मागच्या पायांवर उभ्या राहून भिंत चाटू लागल्या. या टोकाला हाकललं की त्या टोकाला लागत.

"रहिमाबी, आवर तुझ्या शेळ्या! सायेब येऊन राहिले!"

"आता मी काय सांगू त्येंना, पाटील? इतका पाहुनचार त्येंचा कोनी केला न्हाई."

तेवढ्यात वेशीकडून घोड्याच्या टापा ऐकू आल्या. घागरी टाकून चौघा गड्यांनी शेळ्यांना मागच्या बाजूनं कसंबसं बाहेर काढलं. साहेब आत आले. तातेराव स्वतःच्या जोड्यांकडे पाहत उभे राहिले. बाजार गेला, हे त्यांनी मनात मान्य करून टाकलं होतं.

साहेबांची पावलं भिंतीपाशी थांबली. तातेरावांनी हळूच वर पाहिलं. जिथं जिथं जीभ फिरली होती, तिथली पांढरी माती जाऊन खालची तांबूस माती दिसत होती. वळणदार पट्टे, लांबट पानं, एकात एक गुंतलेल्या फांद्या. साहेब या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले आणि चष्मा पुसून परत आले.

"पाटील, ये बेलबूटे किसने निकाले?"

तातेरावांनी मुंडासं सावरलं. "गावातल्याच... रहिमाबीकडच्या हायेत, सायेब."

"औरतें?"

"व्हय. समद्या बायाच हायेत."

"कितनी?"

"सात."

"कमाल है!" साहेबांनी तिथंच उभ्या उभ्या पुसेगावच्या बाजाराची शिफारस लिहिली. घोड्यावर बसताना ते म्हणाले, "सोमवारी त्या सातही जणींना बंगल्यावर पाठवा. बेगमसाहेबांना जनानखान्याच्या अंगणात हेच काम पाहिजे. परद्याचा पूरा बंदोबस्त राहील, फिकर नको."

घोडा दिसेनासा झाल्यावर तातेराव चिखलात मटकन बसले. पाच दिवसांत ते पहिल्यांदाच बसत होते. रहिमाबी मात्र गंभीरपणे विचार करत होती.

"सात न्हाई जमायच्या, पाटील," ती म्हणाली. "पाच नेवा. दोघी गाभन हायेत, त्येंना बैलगाडीचे धक्के सोसायचे न्हाईत."