द्वारकाबाईंच्या इंद्रवज्राची हकीकत

श्रीगजानन प्रसन्न, वारा अनुकूल, आभाळ मोकळे. शके अठराशे नव्वद, कीलकनाम संवत्सरी, पौषाच्या ऐन थंडीत घडले वर्तमान, जैसे स्मरते तैसे लिहिले आहे.

डोंगरापलीकडे एक विमानी दौलत होती. मुलूख म्हणावा तर एक माळ, त्यावर गवताची धावपट्टी आणि पत्र्याचा तबेला, आणि तबेल्यात घोड्यांच्या जागी दोन-दोन आसनांची लहान विमाने. सरदार मंडळी हौसेची. पोटाचा उद्योग अन्यत्र करावा आणि रविवारी पहाटे स्वारी आभाळात न्यावी. उतरल्यावर शेकोटीभोवती दरबार भरे, आणि मग ज्याने त्याने वरून काय पाहिले ते सांगावे. कोणी धरणाच्या पाण्यावर रोहित पक्ष्यांची गुलाबी रांगोळी पाहिली, कोणी हुरड्याच्या धुरावरून आपले गाव ओळखिले. कायदा एकच, की एकट्याने पाहिले ते पाहिले नव्हे. दुसऱ्या आसनावरच्याने मान डोलवावी तरच दृश्य खरे. नाही तर सांगणाऱ्याने संक्रांतीच्या आत साक्षीदार न्यावा, तेच दृश्य दाखवावे, आणि न जमल्यास पुढील थंडीपर्यंत थापाड्यांच्या बाकावर बसावे. ते बाक शेकोटीपासून दूर, एका पायाने लंगडे, आणि त्यावर दौलतीचे कुत्रे निजत असे.

या दौलतीत द्वारकाबाई नामे एकच स्त्री सरदार होत्या. त्या एके पहाटे एकट्या गेल्या आणि उतरून म्हणाल्या, "नदीवर धुकं होतं, पाठीशी सूर्य होता. धुक्यावर विमानाची सावली पडली आणि सावलीभोवती अख्खं गोल इंद्रधनुष्य. इंद्रवज्र म्हणतात ते." दरबाराचे मुख्य सर्जेराव मिशीला चहा लागू न देता बोलिले, "गोल? मग बांगडीच म्हणा की, बाई. सोबत कोण होतं?" "कोणी नव्हतं." "मग कुत्र्याला जरा सरकायला सांगा." दरबार हसला. बाईंना त्याचे दुःख नव्हते. दुःख हे, की सर्वांत मोठ्याने हसले ते त्यांचे यजमान त्र्यंबकपंत. पंत दर रविवारी शेकोटीपाशी येऊन सर्वांचा चहा करीत, परंतु लग्नास वीस वर्षे जाहली तरी विमानात पाऊल ठेविले नव्हते. मग बाईंनी मनाशी धरिले, की साक्षीदार न्यावा तर हाच.

घरी येऊन म्हणाल्या, "येताय का पुढच्या रविवारी?"

"मला संक्रांतीचा तिळगूळ खायचाय."

"आणि मला त्या बाकावर बसलेली बघायचंय?"

पंत बराच वेळ कानटोपी शोधीत राहिले. ती डोक्यावरच होती. मग म्हणाले, "साक्षीपुरते डोळे उघडीन. बाकी मिटलेले."

तो संक्रांतीआधीचा शेवटचा रविवार. माळ स्वच्छ, नदी धुक्याने भरलेली. स्वारी वर गेली, पंत डोळे मिटून स्तोत्र म्हणत बसले, आणि धुक्याच्या कडेशी पोहोचताच इंजिन अडखळू लागले.

"अगं, हे खोकतंय."

"थंडी बाधलीय त्याला." ओल्या थंडीत इंजिनाच्या घशात बर्फ धरते, ते बाई जाणत होत्या. त्यांनी ऊन हवेचा दांडा ओढिला, आणि इंजिन पहिल्याहून दुप्पट खोकू लागले. पंतांनी मिटल्या डोळ्यांनीच चाचपून दांडा पकडिला.

"बिघडवलंस. होता तिथं ढकल तो."

"हात काढा."

"पडतोय आपण."

"वितळलेलं पाणी गिळतंय ते, म्हणून खोकतंय. आत्ता दांडा ढकललात तर मात्र खरंच पडू. अहो, हात काढा म्हणते ना."

पंतांचा हात सुटेना. मग बाईंनी एकेक बोट सोडविले, दांडा ओढलेला ठेविला आणि वाट पाहिली. इंजिन आणखी दोनदा ठसकले आणि मग गुरगुरत सुरात आले. बाईंनी विमान वळवून सूर्य पाठीशी घेतला आणि म्हणाल्या, "आता उघडा."

पंतांनी एक डोळा उघडिला, मग दुसरा.

"अगं," ते म्हणाले, "त्याच्या मधोमध आपण आहोत."

त्या दिवशी दरबारात बाईंना बोलावे लागलेच नाही. पंतांनी इंद्रवज्राचे सातही रंग हातवारे करून सांगितले, सर्जेरावांच्या बशीवर बशी ठेवून सावली कशी पडते तेही दाखविले, आणि चहा उतू गेला. सर्जेरावांनी मान डोलविली आणि बाईंना शेकोटीजवळची आपली जागा दिली. मग विचारिले, "पण पंत, मधेच इंजिनाचा आवाज बिघडला होता. काय झालं होतं?"

"आवाज?" पंत पातेले पुसू लागले. "मला काही कळलं नाही. माझे डोळे मिटलेले होते."

दरबाराने बाईंकडे पाहिले. बाईंनी पंतांकडे पाहिले, आणि मग चहाचा घोट घेऊन म्हणाल्या, "एकट्याने पाहिलेलं सांगायचं नाही, असा कायदा आहे."

सारांश, इंद्रवज्र खरे ठरले, इंजिनाचा खोकला दरबारी दाखल नाही, बाक कुत्र्याकडेच राहिले. आणि त्र्यंबकपंत पुढे बाईंबरोबर पुष्कळ थंड्या उडाले, डोळे उघडे ठेवून. मात्र प्रत्येक वेळी उजवा हात स्वतःच्या मांडीखाली दाबून बसत.